भारतातील शैक्षणिक कर्ज व त्याची परतफेड

शैक्षणिक कर्ज म्हणजे उच्च किंवा व्यावसायिक शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी विद्यार्थ्याने बँकेकडून अथवा अन्य वित्तसंस्थेकडून घेतलेले आणि शिक्षण पूर्ण झाल्यानंतर व्याजासह फेडावयाचे कर्ज होय. भारतात या कर्जाचे सध्याचे स्वरूप प्रामुख्याने २००१ मध्ये भारतीय बँक संघाने तयार केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतून घडले आहे. शिक्षण सुरू असताना हप्ते भरावे लागत नाहीत, हे या कर्जाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. मात्र या काळातही व्याजाची आकारणी चालूच असते. त्यामुळे कर्जाचा पुढील भार किती राहील, हे बऱ्याच अंशी पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच निश्चित झालेले असते. परतफेडीसाठी अनेक पर्याय उपलब्ध असले, तरी प्रत्येक पर्यायाचे आर्थिक परिणाम वेगवेगळे असतात.

स्वरूप

गृहकर्ज किंवा वाहनकर्ज घेताना त्या पैशांतून विकत घेतलेली वस्तूच तारण म्हणून राहते आणि कर्जदाराला सहसा आधीपासून उत्पन्न असते. शैक्षणिक कर्जात यांपैकी काहीही नसते. कर्ज घेणाऱ्याला उत्पन्न नसते आणि कर्जातून मिळणारे ज्ञान तारण ठेवता येत नाही. परतफेड ही भविष्यात मिळू शकणाऱ्या नोकरीवर किंवा व्यवसायावर अवलंबून असते. या अनिश्चिततेमुळे बँका विद्यार्थ्याबरोबर आई, वडील किंवा पालक यांना सहकर्जदार करून घेतात. विवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत पती, पत्नी किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. सहकर्जदार हा केवळ साक्षीदार नसून कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर विद्यार्थ्याइतकीच असते.

शिक्षण शुल्क, वसतिगृहाचा खर्च, परीक्षा व ग्रंथालय शुल्क, पुस्तके, उपकरणे, संगणक, तसेच परदेशी शिक्षणासाठी प्रवासखर्च या बाबींचा समावेश कर्जाच्या रकमेत होतो. रक्कम एकदम न देता वर्षागणिक किंवा सत्रागणिक दिली जाते आणि शुल्काचा भाग बहुधा थेट शिक्षणसंस्थेकडे पाठवला जातो.

इतिहास

शिक्षणासाठी कर्जरूपाने मदत देण्याची कल्पना भारतात बँकांपेक्षा जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये मुंबईत उच्च शिक्षणासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट या निधीची स्थापना केली. या निधीतून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती दिली जाते. एका विद्यार्थ्याने परत केलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावा, हे त्यामागील तत्त्व होते. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर आणि डॉ. फ्रेनी कामा या त्याच्या पहिल्या लाभार्थी होत्या. पुढे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनाही या निधीचे साहाय्य मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले, तेव्हा शिक्षणानंतर संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांवर त्यांनी खर्चाची तोंडमिळवणी केली.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. गुणवान परंतु गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देणे हा तिचा उद्देश होता. १९९० नंतर अभियांत्रिकी, वैद्यकीय व व्यवस्थापन शिक्षणात विनाअनुदानित महाविद्यालयांची संख्या वाढली आणि त्याबरोबर शुल्कही वाढले. केनरा बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आर. जे. कामथ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींवर आधारित आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये अमलात आली. त्यानंतर शैक्षणिक कर्ज हा बँकांच्या नियमित व्यवहाराचा भाग झाला.

आदर्श शैक्षणिक कर्ज योजना

भारतीय बँक संघाची योजना मार्गदर्शक स्वरूपाची असून प्रत्येक बँक तिच्या आधारे स्वतःची योजना तयार करते. त्यामुळे व्याजदर व काही अटी बँकेगणिक बदलतात. योजनेतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घेतले जात नाही आणि विद्यार्थ्याला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही.
• ४ लाखांपेक्षा अधिक कर्जासाठी देशांतर्गत शिक्षणाकरिता ५ टक्के आणि परदेशी शिक्षणाकरिता १५ टक्के खर्च विद्यार्थ्याने स्वतः करावा लागतो. मिळालेली शिष्यवृत्ती या हिश्श्यात धरली जाते.
• ७.५ लाखांपेक्षा अधिक कर्जासाठी घर, भूखंड, मुदतठेव यांसारखे तारण मागितले जाते.
• अभ्यासक्रमाचा कालावधी अधिक एक वर्ष इतक्या काळासाठी परतफेड स्थगित असते.
• स्थगितीकाळ संपल्यानंतर परतफेडीसाठी कमाल १५ वर्षांची मुदत दिली जाते.

बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनाही शैक्षणिक कर्जे देता येतात. परंतु त्या वरील योजनेच्या चौकटीत काम करीत नाहीत. अशा कंपन्या तारणाविना मोठी रक्कम देण्यास तयार होतात, मात्र त्यांचा व्याजदर सहसा अधिक असतो आणि अनेकदा पहिल्या महिन्यापासूनच व्याजाचा पूर्ण किंवा अंशतः भरणा करावा लागतो.

स्थगितीकाळ आणि व्याजाचे गणित

परतफेड स्थगित असण्याचा अर्थ व्याज माफ असणे असा होत नाही. आदर्श योजनेनुसार स्थगितीकाळात सरळव्याज आकारले जाते. हे व्याज साचत जाते आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. त्यानंतरचे हप्ते या वाढलेल्या रकमेवर ठरतात. म्हणजेच स्थगितीकाळात न भरलेल्या व्याजावर पुढे पुन्हा व्याज द्यावे लागते.

हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमासाठी एका विद्यार्थिनीने ६ लाख रुपयांचे कर्ज घेतले. दरवर्षीच्या आरंभी तिला दीड लाख रुपये मिळाले आणि व्याजदर संपूर्ण काळ वार्षिक १० टक्के राहिला, असे मानू. चार वर्षे शिक्षण व त्यानंतरचे एक वर्ष मिळून स्थगितीकाळ पाच वर्षांचा होतो. पहिल्या वर्षी घेतलेल्या रकमेवर पाच वर्षांचे ७५,००० रुपये, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ६०,००० रुपये, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर ४५,००० रुपये आणि चौथ्या वर्षीच्या रकमेवर ३०,००० रुपये व्याज होते. एकूण व्याज २,१०,००० रुपये भरते. पहिला हप्ता येण्याच्या वेळी तिचे कर्ज ६ लाख नसून ८ लाख १० हजार रुपये झालेले असते.

यापुढे तीन शक्यता पाहता येतात.

• ८.१ लाख रुपये दहा वर्षांत फेडायचे ठरवल्यास मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो आणि एकूण सुमारे १२.८४ लाख रुपये भरले जातात.
• तीच रक्कम १५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे ८,७०० रुपयांवर येतो. परंतु एकूण भरणा सुमारे १५.६७ लाख रुपयांवर जातो. दरमहा २,००० रुपये कमी भरण्याची किंमत २.८ लाख रुपयांहून अधिक पडते.
• स्थगितीकाळातील व्याज कुटुंबाने त्या त्या वेळी भरल्यास हप्ते मूळ ६ लाखांवरच ठरतात. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ७,९३० रुपये येतो. आधी भरलेले २.१ लाख रुपये धरूनही एकूण भरणा सुमारे ११.६१ लाख रुपये होतो, म्हणजेच पहिल्या शक्यतेपेक्षा सुमारे सव्वा लाख रुपयांनी कमी.

तिसऱ्या शक्यतेत पहिल्या वर्षी दरमहा १,२५० रुपये भरावे लागतात आणि ही रक्कम वाढत जाऊन शेवटच्या दोन वर्षांत दरमहा ५,००० रुपये होते. सगळ्याच कुटुंबांना हे शक्य नसते. परंतु व्याजाचा काही भाग जरी भरला गेला, तरी मुद्दलात मिळणारी रक्कम तेवढी कमी होते. अनेक बँका स्थगितीकाळात नियमित व्याज भरणाऱ्या कर्जदाराला व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. वरील गणितात ही सूट धरलेली नाही.

बँकांनी दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जांचे व्याजदर १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडलेले आहेत. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवला किंवा घटवला की अशा कर्जाचा हप्ता अथवा मुदत बदलते.

व्याज अनुदान आणि पतहमी

स्थगितीकाळात साचणाऱ्या व्याजाचा भार गरीब कुटुंबांवर पडू नये, यासाठी केंद्र सरकारने २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून केंद्रीय व्याज अनुदान योजना सुरू केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि भारतात मान्यताप्राप्त व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कर्जावरील स्थगितीकाळातील व्याज सरकार भरते. वरील उदाहरणातील विद्यार्थिनी या योजनेस पात्र ठरली, तर २,१०,००० रुपयांचा भार तिच्यावर येत नाही. शिक्षण मध्येच सोडणाऱ्या किंवा संस्थेतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला हा लाभ मिळत नाही. वैद्यकीय कारणाने शिक्षण सोडावे लागल्यास मात्र अपवाद केला जातो.

२०१५ मध्ये शैक्षणिक कर्जांसाठी पतहमी निधी स्थापन झाला. तारण व जामीनदार न घेता दिलेल्या ७.५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जात थकबाकी झाल्यास थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी या निधीतून बँकेला मिळते. ही हमी बँकेसाठी असते; तिच्यामुळे विद्यार्थ्याचे कर्ज माफ होत नाही. त्याच वर्षी विविध बँकांकडे एकत्रित अर्ज करता यावा यासाठी विद्यालक्ष्मी हे संकेतस्थळ सुरू झाले.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेस मंजुरी दिली. निवडक दर्जेदार उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना या योजनेखाली तारण व जामीनदाराविना कर्ज मिळू शकते. आरंभी अशा ८६० संस्थांचा समावेश करण्यात आला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि अन्य सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीकाळात ३ टक्के व्याज अनुदान दिले जाते. दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांना हा लाभ देण्याचे उद्दिष्ट आहे. वरील उदाहरणातील गणितानुसार या अनुदानामुळे २,१०,००० पैकी ६३,००० रुपयांचा भार कमी होतो.

व्याज अनुदान स्थगितीकाळापुरतेच मर्यादित असते. हप्ते सुरू झाल्यावर पुढील सर्व व्याज कर्जदारालाच भरावे लागते.

परतफेडीचे पर्याय

समान मासिक हप्ते. ठरावीक मुदतीत दरमहा एकच रक्कम भरण्याची ही सर्वसाधारण पद्धत आहे. आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा व मुद्दलाचा लहान असतो. वर्षे सरतात तसे हे प्रमाण उलटत जाते.

वाढते हप्ते. नोकरीच्या आरंभी वेतन कमी आणि पुढे अधिक, हे लक्षात घेऊन काही बँका सुरुवातीला लहान व नंतर मोठे हप्ते ठरवून देतात. आरंभीचा ताण हलका होतो, परंतु मुद्दल हळू फिटत असल्याने एकूण व्याज वाढते.

मुदतपूर्व परतफेड. हाती आलेली जादा रक्कम भरून कर्ज लवकर फेडता येते. वरील उदाहरणात दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता भरताना दरमहा २,००० रुपये अधिक भरले, तर कर्ज १२० ऐवजी सुमारे ९२ महिन्यांत फिटते आणि सव्वा लाख रुपयांच्या आसपास व्याज वाचते. व्यवसायाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या मुदत कर्जावर मुदतपूर्व परतफेडीबद्दल दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. जादा भरलेली रक्कम मुद्दलात वळती झाली की पुढच्या हप्त्यापोटी जमा ठेवली गेली, याची खातरजमा खातेउताऱ्यावरून करता येते.

पुन्हा स्थगिती. नोकरी न मिळणे, ती सुटणे किंवा अपुऱ्या वेतनावर काम करावे लागणे अशा काळात कर्जाच्या मुदतीत दोन ते तीन वेळा परतफेड थांबवण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. स्वतःचा उद्योग सुरू करणाऱ्या पदवीधरालाही उद्योगाच्या उभारणीच्या काळापुरती अशी सवलत मिळू शकते. ही सवलत आपोआप लागू होत नाही. तिच्यासाठी बँकेकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि निर्णय बँक घेते. या काळातही व्याज चालू राहते.

पुनर्रचना. हप्ता पेलणे अशक्य झाल्यास मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची विनंती बँकेला करता येते. अशी विनंती हप्ते थकण्यापूर्वी केल्यास ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. पुनर्रचनेची नोंद पतमाहिती अहवालात होऊ शकते.

कर्जाचे हस्तांतर. कमी व्याजदर देणाऱ्या दुसऱ्या बँकेकडे उर्वरित कर्ज नेता येते. असे करताना प्रक्रिया शुल्क, तारणाच्या कागदपत्रांचा खर्च आणि सरकारी अनुदानाचा लाभ पुढे चालू राहील किंवा नाही, या बाबी विचारात घ्याव्या लागतात.

एकरकमी तडजोड. दीर्घकाळ थकलेल्या कर्जात बँक काही रक्कम सोडून उरलेली एकरकमी स्वीकारण्यास तयार होऊ शकते. या तडजोडीने वाद मिटतो; मात्र पतमाहिती अहवालात खाते पूर्ण फेडलेले न दिसता तडजोडीने बंद झालेले दिसते आणि पुढील कर्ज मिळणे अवघड होते.

आयकरातील वजावट

आयकर कायद्यानुसार शैक्षणिक कर्जावर भरलेले व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. या वजावटीला रकमेची कमाल मर्यादा नाही. ती ज्या वर्षी व्याज भरण्यास आरंभ होतो, त्या वर्षापासून कमाल आठ वर्षे मिळते. कर्ज स्वतःच्या, पती किंवा पत्नीच्या, मुलांच्या अथवा कायदेशीर पाल्याच्या उच्च शिक्षणासाठी आणि बँक, मान्यताप्राप्त वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्याकडून घेतलेले असावे लागते. नातेवाईक किंवा सावकाराकडून घेतलेल्या कर्जास ही तरतूद लागू नाही. मुद्दलाच्या परतफेडीला या तरतुदीखाली वजावट मिळत नाही. तसेच नव्या करप्रणालीचा स्वीकार करणाऱ्यास हा लाभ घेता येत नाही.

थकबाकीचे परिणाम

हप्ता ठरल्या तारखेनंतर ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास बँक ते कर्ज अनुत्पादक मालमत्ता म्हणून वर्गीकृत करते. त्यापूर्वीच्या ३०, ६० व ९० दिवसांच्या टप्प्यांवरही खात्याची नोंद विशेष लक्ष देण्याजोगे खाते अशी होते. बँकेशी बोलून मार्ग काढण्यासाठी हा काळ सर्वांत महत्त्वाचा असतो.

थकबाकीची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जाते. त्यामुळे विद्यार्थ्याबरोबरच सहकर्जदार पालकांचाही पतगुणांक घसरतो. हा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. पुढे घर, वाहन किंवा व्यवसाय यांसाठी कर्ज मागताना दोघांनाही अडचण येते.

तारण दिलेले असल्यास बँक २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेवर कारवाई करू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. थकीत रक्कम २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास बँकेला कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यापेक्षा लहान रकमांसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग असतो. लोकअदालतीतही अशी अनेक प्रकरणे तडजोडीसाठी ठेवली जातात. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो व त्यावर अपील करता येत नाही.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत शैक्षणिक कर्जाची गणना वगळलेल्या देण्यांमध्ये करण्यात आली आहे. त्यामुळे व्यक्तीला अन्य देण्यांतून मुक्त करणाऱ्या प्रक्रियेतूनही हे कर्ज सुटत नाही.

कर्जदाराचे हक्क

थकबाकी झाल्याने कर्जदाराचे सर्व हक्क संपुष्टात येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये. धमकी देणे, अपमान करणे आणि कर्जदाराच्या नातेवाईक वा मित्रांच्या खासगी जीवनात हस्तक्षेप करणे यांस मनाई आहे. थकलेल्या हप्त्यावर लावलेल्या दंडात्मक शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

कर्ज देताना बँकेने व्याजदर, सर्व शुल्के आणि परतफेडीचे वेळापत्रक यांचा सारांश देणारे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. व्याजदर बदलल्यास हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही यांतून निवड करण्याची संधी कर्जदाराला मिळणे आवश्यक आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावी लागतात. बँकेच्या चुकीमुळे विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई देय असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केवळ पतगुणांक कमी असल्याच्या कारणावरून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळता येणार नाही, असा निर्णय दिला.

बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचे ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क दाद मागता येते.

राज्यांच्या योजना

महाराष्ट्रात कर्जाची गरजच कमी व्हावी अशा स्वरूपाच्या काही योजना आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून पात्र विद्यार्थ्यांच्या शुल्काचा काही भाग शासन भरते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील विद्यार्थिनींना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. वसतिगृह, भोजन व इतर खर्च मात्र कुटुंबालाच करावा लागतो. महाराष्ट्र राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाकडून पात्र विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना राबवली जाते. गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे.

अन्य राज्यांपैकी बिहारने २०१६ मध्ये आणि पश्चिम बंगालने २०२१ मध्ये विद्यार्थी क्रेडिट कार्ड योजना सुरू केल्या. केरळने २०१७ मध्ये थकलेल्या शैक्षणिक कर्जांच्या परतफेडीस साहाय्य करणारी योजना आणली.

अन्य देशांतील पद्धती

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नाधारित परतफेडीची पद्धत स्वीकारली. तेथे पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक झाले, तरच करव्यवस्थेमार्फत परतफेड सुरू होते आणि उत्पन्न घटल्यास ती थांबते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशीच पद्धत असून ठरावीक वर्षांनंतर उरलेले कर्ज रद्द होते. अमेरिकेत संघीय शैक्षणिक कर्जांची एकूण रक्कम १.६ लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. तेथील व्यापक कर्जमाफीचा सरकारी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द ठरवला. भारतात हप्ता कर्जाच्या रकमेवर ठरतो. कर्जदाराच्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी तो जोडलेला नसतो.

सामाजिक परिणाम आणि टीका

ऋण काढून सण करू नये, अशी मराठी समाजाची जुनी शिकवण आहे. शिक्षण हा मात्र चैनीचा खर्च नसून भावी उत्पन्नाची गुंतवणूक मानला जात असल्याने त्यासाठीच्या कर्जाला समाजमान्यता मिळाली. ज्या कुटुंबांत याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा कुटुंबांतील मुलामुलींनाही या कर्जामुळे व्यावसायिक शिक्षण घेता आले.

या व्यवस्थेवर होणारी प्रमुख टीका अशी की, शिक्षणाच्या फलिताची सर्व जोखीम ती विद्यार्थी व त्याच्या कुटुंबावर टाकते. संस्थेचा दर्जा खालावलेला निघाला किंवा त्या क्षेत्रातील नोकऱ्या घटल्या, तरी हप्ता तोच राहतो आणि शुल्क स्वीकारणाऱ्या संस्थेवर कोणतेही दायित्व येत नाही. अभ्यासक्रम अर्धवट सुटलेल्या विद्यार्थ्याची स्थिती सर्वांत बिकट होते. पदवी हाती नसते, कर्ज मात्र शिल्लक असते. सहकर्जदार पालक बहुधा निवृत्तीच्या वयाकडे झुकलेले असल्याने थकबाकीचा आघात त्यांच्या बचतीवर किंवा राहत्या घरावर होऊ शकतो. तारणाविना कर्जासाठीची ७.५ लाख रुपयांची हमीमर्यादा २०१५ पासून तीच राहिली असून, या काळात वाढलेल्या शुल्काच्या तुलनेत ती अपुरी असल्याचेही निदर्शनास आणले जाते.

दुसऱ्या बाजूने, बँकांकडील पैसा ठेवीदारांचा असतो आणि परतफेड न झाल्यास पुढील विद्यार्थ्यांना कर्ज देण्याची बँकांची तयारी कमी होते, असा युक्तिवाद केला जातो. त्यामुळे सरसकट कर्जमाफीऐवजी उत्पन्नाशी जोडलेले हप्ते, स्थगितीकाळातील व्याजाला व्यापक अनुदान आणि शिक्षणसंस्थांच्या रोजगारविषयक दाव्यांची पडताळणी हे उपाय सुचवले जातात. सध्याच्या व्यवस्थेत कर्जाचा भार हलका ठेवण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. शिष्यवृत्ती व शुल्क सवलत मिळवून मूळ कर्ज कमी ठेवणे, स्थगितीकाळातील व्याज शक्य तितके त्याच वेळी भरणे आणि अडचण आल्यास हप्ता थकण्यापूर्वी बँकेकडे लेखी अर्ज करणे, हे ते होत.